मागच्या बाजूचा फोटो

माझी बायको भरतकामाचे बुकमार्क करायची. पुढून फूल भरून झालं, की कापड उलटं करून मागचे दोरे लपवत बसायची. एक गाठ दिसली तरी सगळं उसवायची. मी चिडवायचो, "मागून कोण बघणार आहे? तुझी सासू?"

"बघेल कुणीतरी," एवढंच म्हणायची.

ती गेली, तेव्हा डब्यात बावीस बुकमार्क होते. ते ऑनलाइन विकायचे म्हणून लेकीने फोटो काढायला लाइट टेंट पाठवला. खोक्याएवढा पांढरा तंबू, आत दिवे. वर फोनवर बजावलं, "बाबा, यात सावली पडत नाही, पण बारीकशी खोटही लपत नाही. आणि फोटोत बोट आणू नका."

काल पहिल्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला. "पुढून सगळ्यांचंच छान असतं. मागच्या बाजूचा फोटो पाठवा, मग घेते."

मी धास्तावलो. इतकी वर्षं चिडवलं, पण मागची बाजू मी स्वतः कधी पाहिलीच नव्हती. बुकमार्क तंबूत उलटा ठेवला, दिवे लावले, चष्मा पुसून गाठ शोधली. सापडली नाही. फोटो पाठवला.

लगेच उत्तर आलं. "अहो, हा पुन्हा पुढचाच आला. मागचा पाठवा ना."

मी एकेक अक्षर शोधत टाइप केलं, "मागचाच आहे, ताई. आमच्या हिचं काम असंच असतं."