वेचणीचा हात

बसंतीबाईला हे कोणत्या तोंडानं सांगायचं, या विचारातच मोनाली घाटंजीच्या आठवडी बाजारात शिरली. पुढच्या महिन्यापासून ती येणार नव्हती. डोक्याला मार लागून लुळे पडलेले हात घरच्या व्यायामानं सुधारतात का, याचा दोन वर्षांचा अभ्यास आज सकाळीच गुंडाळला गेला होता.

अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरांनी फोनवरच निकाल लावला. "तू शिकवलेले वीस जण सुधारले. आणि ज्यांना काहीच शिकवलं नाही, ते वीसही तेवढेच सुधारले. मग तुझ्या शिकवण्यानं काय झालं, सांग?"

कोणाला शिकवायचं, हे मोनालीनं चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. चाळीस जणांच्या चिठ्ठ्या तिनंच उचलल्या होत्या. वीस घरी ती दर आठवड्याला व्यायाम शिकवायला जायची. बाकीच्या वीस जणांना तीन महिन्यांतून एकदा सगळ्यांबरोबर दवाखान्यात बोलावून नुसतं मोजायची. पाटीच्या भोकांत नऊ खुंट्या बसवायला किती सेकंद लागले, ते लिहायचं आणि घरी पाठवायचं. वच्छलाबाई एकदा तिथंच रडली होती, "माह्या मालकाले काहून नाई शिकवत?" चिठ्ठीत निघालं नाही, एवढंच मोनाली म्हणाली होती. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. इतकं मन घट्ट केलं, आणि शेवटी काय, तर पालथ्या घड्यावर पाणी!

जास्त जीव तुटत होता तो बसंतीबाईच्या नवऱ्यासाठी. जिनिंगच्या वाटेवर हरिसिंग कापसाच्या ट्रकवरून डोक्यावर पडला, तेव्हापासून उजवा हात गेला आणि वाचाही गेली. हात आता उठत होता. तोंडातून मात्र 'अं'शिवाय काही निघत नव्हतं. बसंतीबाई दर खेपेला विचारायची, बोलायचं कधी शिकवता? मोनाली दर खेपेला सांगायची, आधी हात. हाताचा निकाल चांगला लागला की पुढच्या वर्षी बोलणं.

बाजाराच्या टोकाला कडुलिंबाखाली घोळका दिसला. त्या साली बोंडअळीनं कपाशीची पऱ्हाटी पार खाल्ली होती. किडकी बोंडं वेचायला कोणी वावरात पाय ठेवत नव्हतं. बसंतीबाईनं मात्र त्याच बोंडांचं टोपलं भरून आणलं होतं. मधोमध हरिसिंग बसला होता. डाव्या हातात बोंड धरून उजव्या हाताच्या बोटांनी तो सावकाश कापूस ओढत होता. भोवतीची माणसं त्याचं बघून तसंच करत होती. धावजी होता. वच्छलाबाईचा नवरा बापूजी होता. ज्यांना मोनालीनं काहीही शिकवलं नव्हतं, तीच सगळी माणसं होती.

"बसंतीबाई, हे कधीपासून?"

"तुमी शिकवलं तवापासून, दर बाजारी. जे चिठ्ठीत आले नाई, त्यायले ह्या माह्या मालकानं शिकवलं. तुमी दाबाले देल्लेला रबरी चेंडू एकच, म्हून बोंडं आनली."

"दुसऱ्या कोणाला शिकवायचं नाही म्हणून मी कागदावर अंगठा घेतला होता ना?"

"घेतलता. पन चिठ्ठीत निघालं नाई, तं बापूजीचा हात का हात नोहे?"

मोनाली टोपल्याशेजारी बसली. तिचं शिकवणं वाया गेलं नव्हतं. ते चाळीसही हातांपर्यंत पोचलं होतं. डॉक्टरांना सांगायला फोनकडे गेलेला हात तिनं मागे घेतला. नियम मोडलेला अभ्यास कोणी खरा धरत नाही, आणि या भागात नवा अभ्यास मांडायला कोणी येणार नव्हतं. तिला रडू आवरेना.

हरिसिंगनं बोंडातला शेवटचा धागा ओढला. चिमूटभर कापूस त्यानं थरथरत्या बोटांनी तिच्या तळहातावर ठेवला.

"हात तं झाला, ताई. साऱ्यायचाच झाला," बसंतीबाई हरखून म्हणाली, "आता बोलाचं कवा चालू करता?"