गोण्यांचा बांध

पहिला दणका पाठीत बसला तेव्हा इंगवले इंजिनिअर हात जोडूनच उभे होते. टेकडी खोदली बिल्डरने, चिखल शिरला खालच्या चाळीत आणि मार खायला साइटवर हजर होते ते एकटे इंगवले.

चाळकऱ्यांनी त्यांचं नाक फोडलं, चष्मा तुडवला. हात दुखू लागले तेव्हा कोणीतरी वाळूची गोणी उचलून त्यांच्या छातीवर आदळली. पाणी अडवायला इंगवल्यांनीच रचलेल्या बांधातली ती गोणी.

"मला हाणा, पण गोण्या राहू द्या!" ते कळवळून ओरडले. "मागे पाणी तुंबलंय, तुमच्याच घरांत शिरेल!"

"बरगडी मोडली तरी लेकाचा मालकाच्या गोण्या वाचवतोय!" चाळीचे सेक्रेटरी गरजले. "उचला रे सगळ्या!"

सगळ्या उचलल्या. शेवटची गोणी मारायची मात्र राहूनच गेली, कारण बांध फुटला आणि मंडळी घराकडे पळत सुटली.

पाणी त्यांच्याआधी पोचलं.