पाठीवरची थाप

"मागे बघतो तो भित्रा," असं वायसन लिवोंडे गावच्या सायकलवाल्यांच्या स्टँडवर सगळ्यांना ठणकावून सांगायचा. त्याच्या सायकल-टॅक्सीला आरसा नव्हता. मागून ट्रक आला की मागे बसलेलं गिऱ्हाईक पाठीवर थाप मारतं आणि सायकलवाला डांबर सोडून मातीत उतरतो, अशी तिथली रीत.

"पण दादा, तुझ्या मागे बसतंय कोण?" शेजारचा फायसन म्हणाला. "किती जणांना खड्ड्यात पाडलंस. आता बायाबापड्या तुला बघितलं की चालत जातात." सगळे खो खो हसले.

खरंच दिवसभर कुणी बसलं नाही. ऊन कलल्यावर वायसन रिकामी सीट घेऊन एकटाच घरी निघाला. रोज असाच जायचा.

वाटेतल्या पुलाच्या पुढे त्याच्या पाठीवर थाप पडली.

सवयीने तो मातीत उतरला. मक्याचा ट्रक कोपराला चाटून गेला.

"उपकार झाले, माई," तो म्हणाला, आणि मग त्याला आठवलं की मागे कुणीच नाही.

त्याने मागे बघितलं नाही. आता हिंमतच नव्हती.

पुन्हा थाप पडली. तो उतरला, थांबला. बराच वेळ काहीच गेलं नाही.

"मग कशाला उतरवलंस?" त्याने हळूच विचारलं.

 तो निघाला. उतार लागला तसे, घाबरलेली बाई धरते तसे, दोन हात त्याच्या कमरेभोवती घट्ट आवळले गेले.

वायसनने ब्रेक दाबला. रिकाम्या सीटवरच्या वजनाने मागचं टायर फुटलं.