डोळ्यांदेखत

वर्गात एक माणूस घुसला, टेबलावरची पिशवी उचलली आणि बाहेर पळाला.

"धरा, धरा!" एकच गलका उठला. मांडवगणचा म्हाळू दारापर्यंत पोचलासुद्धा. मेंढरांमागं धावून वाढलेलं पोर ते. माळावर त्याच्यापुढे कोण टिकणार?

पण ताकवणे सर दारात आडवे उभे राहिले. चक्क हसत होते.

"बस खाली. आपलाच माणूस आहे तो."

दौंडच्या कॉलेजात पोरांना तर्कशास्त्र शिकवणं म्हणजे भिंतीशी बोलणं, असं बाकीचे प्राध्यापक म्हणत. सरांना ते मान्य नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेलंही तपासून घ्यावं, हे पोरांच्या गळी उतरवायला त्यांनी हे नाटक रचलं होतं. केडगावचे त्यांचे मेहुणे आनंदराव जत्रेतल्या वगात काम करणारा एक गडी पाठवणार होते. आपल्यालाही तो अनोळखीच असावा, म्हणून सरांनी आधी त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

पिशवीत होणाऱ्या सुनेचं मंगळसूत्र होतं. बायकोने स्वतःच्या पाटल्या मोडून केलेलं. रविवारी मुलाचं लग्न. सकाळी सराफाकडून ते घेऊन सर तसेच वर्गावर आले होते. पण माणूस मेहुण्यांनी पाठवलेला, काळजी कसली?

"सांगा, काय पाहिलंत?"

शर्ट निळा होता. छे, हिरवा होता. दाढी होती; मुळीच नव्हती. पोरं हमरीतुमरीवर आली आणि सरांना आनंदाचं भरतं आलं.

रेल्वे कॉलनीतली मोनाली उठली. "सर, ह्या माणसाला मी सकाळी सराफाच्या दुकानाबाहेर बघितलं होतं. तुम्ही आत होता."

"बघा!" सरांनी टाळी वाजवली. "मन कशी जुळवाजुळव करतं! अगं, तो आत्ता केडगावहून गाडीनं आलाय."

वर्ग खो-खो हसला. मोनाली ओशाळून खाली बसली.

म्हाळू मात्र अजून दाराकडेच बघत होता. "सर, तरी एकदा खात्री करू का? म्या पळत जाऊन येतो."

"कशाला? मला माहीत आहे ना!"

तास संपत आला तेव्हा एक माणूस धापा टाकत दारात उभा राहिला.

"ताकवणे सर तुम्हीच न्हवं? म्या हरिबा. आनंदरावांनी धाडलंय. गाडी लई लेट झाली बघा. कंची पिशवी पळवायची?"