चिंचेला घातलेलं गाऱ्हाणं

“उद्या फांदी तोडायची, तर आज सांजेला झाडाला सांगायला नको? वर कोन कोन ऱ्हात असतील,” बाबाजी म्हणाले, आणि गिरिजाने शिलाई मशीनवरचा पाय थांबवला.

आता काय बोलावं या माणसाला! पेणकरपाड्यातल्या या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन पंधरा दिवस झाले, आणि सासऱ्यांची कपड्यांची पिशवी अजून दाराशीच. रात्री डोळ्याला डोळा नाही. गावचं घर दरडीखाली गेलं तेव्हापासून ते कुठे बसलेच नव्हते, टेकले होते नुसते. इकडे गिरिजाचं दुखणं वेगळं. खिडकीला अगदी खेटून चिंचेची फांदी. भर दुपारी ट्यूब लावून ब्लाउज शिवायचे आणि संध्याकाळी डोळे चोळत बसायचं. त्या एका फांदीच्या परवानगीसाठी तिच्या नवऱ्याने, स्वप्नीलने, पालिकेत तीन खेपा घातल्या होत्या.

“सांगा की,” ती म्हणाली. “मी कुठे नाही म्हणतेय?”

“तू पन चल. ‘व्हय म्हाराजा’ म्हनायला मानूस लागतो.”

खरी पंचाईत तर पुढेच होती. गावी गाऱ्हाणं घालायचा मान गावच्या मानकऱ्याचा, गावकरांचा. बाबाजींनी उभा जन्म मागे राहून फक्त ‘व्हय म्हाराजा’ म्हटलेलं. आज पहिल्यांदा ते पुढे झाले, तेही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधे, हातात नारळ घेऊन. वॉचमन खुर्ची वळवून बघायला लागला. गिरिजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर चिंचेत साळुंक्यांनी नुसता कालवा मांडला होता.

“बा देवा म्हाराजा,” बाबाजींनी सुरुवात केली. “ह्या चिंचेवर जो कोन वस्तीला असशील, त्याने उद्या सकाळच्या आत...”

‘दुसरी जागा बघ’ एवढंच तर म्हणायचं होतं. ते काही केल्या तोंडातून येईना.

“कसा सांगू रे तुला,” ते हळूच म्हणाले. “माझा घर एका रातीत गेला. मला कोनी आदल्या दिवशी सांगितला न्हाय. तू हितला जुना. आमी नवीन. तू ऱ्हा. आमालापन ऱ्हाऊ दे. माझ्या पोराला, ह्या सुनेला सांबाळ, म्हाराजा.”

गिरिजाच्या अंगावर सर्रकन काटा आला. वरचा कालवा थांबला होता. एकूण एक साळुंकी गप्प. पान हलत नव्हतं. हायवेची घरघरसुद्धा कुठे गेली कोण जाणे. एवढं मोठं झाड, आणि ते अख्खं वाकून ऐकतंय असं तिला वाटलं. भीती नव्हती ती. देवळात अचानक पडदा सरकावा तसं काहीतरी होतं. तिचे हात आपोआप जोडले गेले. बाबाजी मागे वळून तिच्याकडेच बघत होते.

“व्हय म्हाराजा,” ती म्हणाली.

नारळ फुटला. साळुंक्या पुन्हा भांडायला लागल्या. वॉचमनने चपला काढून प्रसाद घेतला. घरी आल्यावर बाबाजींनी पिशवी उघडली, सदरा खुंटीला लावला, आणि जेवून जे आडवे झाले ते सकाळपर्यंत घोरत होते.

नऊ वाजता फांदीवाला कोयता नि दोरखंड घेऊन खिडकीखाली हजर.

“मॅडम, यही डाल ना?”

“नहीं काटना, भैया.”

“क्यों? परमिशन तो है ना?”

“है. लेकिन मैंने हां बोल दिया है.”

“किसको?”

गिरिजाने एकदा वर चिंचेकडे बघितलं. मग मशीनवर बसली आणि हात लांब करून ट्यूब लावली.