चावीवाल्याचं पिंप

आरोग्य खात्याच्या बाई गल्लीत पुन्हा ओरडून गेल्या, "पिंपं रिकामी करा, डासांच्या अळ्या झाल्यात!" कुणी जागचं हललं नाही. सगळ्यांची नजर द्वारकेच्या दाराकडे होती. तिचा नवरा पाणीपुरवठ्याचा चावीवाला. वस्तीचं पाणी तोच सोडायचा. त्याच्या घरचं पिंप आडवं झालं, की उद्या पाणी नक्की, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

द्वारका नुसती आत-बाहेर करत होती. शेजारची मुलगी डेंग्यूनं दवाखान्यात होती. पण पिंप ओतलं आणि पाणी आलं नाही, तर गल्ली तिलाच फाडून खाणार.

"अहो, उद्या नक्की ना?"

"शाळेतल्या बैठकीत आमच्या खात्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिलाय."

"साहेबांचं राहू द्या. तुम्ही सांगा."

तो चहा फुंकत राहिला. द्वारकेनं पदर खोचला, पिंप उंबऱ्यापर्यंत ओढलं आणि दोन्ही हातांनी आडवं केलं.

गल्ली क्षणभर बघत राहिली. मग दारोदारी पिंपं कलंडली, पाण्याचा लोंढा वाहू लागला.

चहा तसाच टाकून नवरा उठला. पायात चपला सरकवत म्हणाला, "आता पाणी सोडायचा हुकूम मिळेपर्यंत साहेबांच्या दारात जाऊन बसायला हवं."