राहिलेला डोस

तपासणीची प्लेट पुन्हा पिवळीधमक झाली. कोळंबकरांच्या रक्तातल्या अँटिबॉडी यंदाही ओसरल्या नव्हत्या.

रक्त न गोठण्याच्या आजारावरचं, हिमोफिलियावरचं डॉ. मुक्ताचं जनुक विषाणूवर स्वार होऊन शरीरात शिरायचं. चाचणीसाठी सगळ्यांत आधी हात पुढे केला तो कोळंबकरांनी. खबरदारी म्हणून तिने त्यांना नावापुरताच डोस दिला. गुण आला नाही. शरीराने तो विषाणू मात्र ओळखून ठेवला. आता पूर्ण डोस दिला, तरी शरीर त्या विषाणूला जनुकासकट उंबऱ्यावरच मारणार. मागून आलेल्यांना पहिल्यांदाच पूर्ण डोस मिळाला; ते सगळे बरे झाले.

बाहेर कोळंबकर सुजलेला गुडघा धरून बसले होते.

"मॅडम, तेव्हा थोडंच दिलं होतंत," ते समजुतीने म्हणाले. "आता राहिलेलं तेवढं देऊन टाका."

तिच्याने 'नाही' म्हणवेना. "अजून एकदा रक्त बघू," ती म्हणाली.

कोळंबकरांनी लगेच हात पुढे केला.